त्रिकोणाबाहेरची गाठ

भारताचा भिंतीवरचा नकाशा प्लायवुडच्या फळीवर चिकटवावा. मुंबई, नागपूर आणि जबलपूर इथे एकेक भोक पाडावं. तीन दोऱ्यांची टोकं एका गाठीत बांधावीत, उरलेली टोकं भोकांतून खाली सोडावीत आणि प्रत्येकीला सारखं वजन टांगावं. फळी आडवी धरून गाठ सोडली की ती सरकते, जराशी रेंगाळते आणि एका जागी थांबते. तीन गावं जोडताना एकूण लांबी कमीत कमी भरावी असा फाटा कुठे काढायचा, याचं उत्तर त्या गाठीखाली असतं. बलांच्या समतोलाचं हे तत्त्व पिएर व्हारिन्यों या फ्रेंच गणितज्ञाने १६८७ साली मांडलं, म्हणून अशा फळीला पुढे त्याचंच नाव मिळालं. एखाद्या गावाची वाहतूक भारी असेल तर त्या दोरीचं वजन वाढवायचं, गाठ तिकडे ओढली जाते.

आपल्या नकाशावर ही गाठ घसरत घसरत नागपूरच्या भोकाशी जाऊन अडकते. नागपुरात उभं राहून एक हात मुंबईकडे आणि दुसरा जबलपूरकडे केला तर मधला कोन १३० अंशांच्या वर भरतो. कोन १२० अंशांपलीकडे गेला की फाटा त्या कोपऱ्यातच पडतो, असं भूमिती सांगते. मुंबईहून सरळ नागपूर, तिथून जबलपूर, मध्ये जंक्शनची गरजच नाही!

प्रत्यक्षात जंक्शन झालं भुसावळला. इथे खरी गंमत आहे. जबलपूरचं वजन दुप्पट करा, नागपूरचं निम्मं करा, मुंबईला धान्याचं पोतं टांगा. गाठ भुसावळला काही केल्या येत नाही. कारण भुसावळ त्या त्रिकोणातच नाही. मुंबई ते जबलपूर सरळ रेघ मारली तर भुसावळ तिच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर, म्हणजे नागपूरच्या अगदी विरुद्ध अंगाला राहतं. दोऱ्या गाठीला त्रिकोणाच्या बाहेर कधीच ढकलत नाहीत. तरीही देशातलं एक मोठं जंक्शन तिथे दीडशेहून अधिक वर्षं उभं आहे. ते तिथे कुणी आणि कसं आणलं, याची ही हकीकत.

सुरुवात सह्याद्रीपासून करावी लागते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजे आपल्या जुन्या लोकांच्या तोंडच्या जीआयपीचा, मूळ प्रवर्तक जॉन चॅपमन १८४५ साली मुंबईत आला. त्याच्या डोक्यात कापूस होता. घाटावरून बंदरात किती माल उतरतो, बैलगाडीला किती दिवस लागतात, भाडं काय पडतं, हे सगळे अंदाज त्याच्या योजनेच्या पोटात होते. सुरुवातीच्या आराखड्यात सह्याद्री माळशेज घाटातून एकदाच चढायचा होता, आणि वर पोचल्यावर मग दिशा फोडायच्या होत्या. कागदावर हे स्वस्त दिसतं, कारण घाट एकच बांधावा लागतो. पण माळशेजची भिंत त्या काळच्या इंजिनाला मानवणारी नव्हती. अखेर कल्याणलाच फाटा काढून दोन घाट बांधायचं ठरलं. दक्षिणेला बोर घाट, ईशान्येला थळ घाट.

हे काम अंगावर घेतलं जेम्स जॉन बर्कलेने. जन्म १८१९चा, रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला इंजिनिअर. १८५० साली तो मुंबईला मुख्य इंजिनिअर म्हणून आला. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची गाडी निघाली, तिचं कौतुक आपण शाळेपासून ऐकतो. बर्कलेची खरी परीक्षा मात्र पुढे होती. हातात साखळी, थिओडोलाइट आणि लेव्हल. झाडी तोडत, कडे उतरत एकामागून एक चाचणी रेषा आखायच्या, प्रत्येकीचा चढ मोजायचा, बोगदे आणि भराव मोजायचे, आणि मग वहीत बेरजा मांडायच्या.

त्या बेरजांमधला कळीचा आकडा म्हणजे चढाचं प्रमाण. सपाट लोहमार्गावर एक टन वजन हलतं ठेवायला त्या काळी साधारण चार किलोची ओढ पुरे. थळ घाटात चढ आहे ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. तिथे नुसत्या चढापोटी टनामागे २७ किलोची जादा ओढ लागते. दोन्ही मिळून सपाटीच्या जवळपास आठपट. सपाटीवर जे इंजिन लांबलचक मालगाडी ओढतं, त्याच्या मागे घाटात मूठभर वाघिणी उरतात. कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला ढकलणारी इंजिनं आजही जोडतात, ती याच हिशेबाने. म्हणून नकाशावर पंधरा किलोमीटर दिसणारा कसारा-इगतपुरी टप्पा खर्चाच्या नकाशावर शंभराच्या वर जातो. दोरी-वजनाच्या फळीला हे कळत नाही. तिच्या लेखी सगळा देश सपाट.

थळ घाटाचा चढ एकूण ९७२ फूट, बोर घाटाचा १,८३१ फूट. ईशान्येकडे जायचं तर थळ हाच दरवाजा, हे एकदा ठरलं आणि मुंबईचं भोक आपोआप इगतपुरीला सरकलं. आता दुसऱ्या टोकाकडे पाहू. जबलपूर नर्मदेच्या खोऱ्यात. नर्मदा आणि तापी यांच्यामध्ये सातपुडा आडवा पडलेला. नागपूरहून जबलपूरला नीट जायचं तर सिवनी-छिंदवाड्याचं पठार चढून उतरावं लागतं. तिथे रेल्वे गेली ती थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तीही बंगाल-नागपूर रेल्वेची छोटी लाइन होऊन. पण सातपुड्याच्या रांगेत एक जागा अशी आहे जिथे डोंगर बाजूला सरून वाट देतात: बऱ्हाणपूर आणि खांडव्याच्या मधली, अशीरगडच्या पायथ्याची खिंड. दिल्लीहून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजा शतकानुशतकं तिथूनच आल्या. अशीरगडला दख्खनची किल्ली म्हणत ते काही उगाच नाही. अकबराने १६०१ साली तो घेतला तेव्हा त्याला जे कळलं होतं, तेच जीआयपीच्या लेव्हलवाल्यांना अडीचशे वर्षांनी आकड्यांत कळलं.

म्हणजे जबलपूरचं भोकही सरकलं, बऱ्हाणपूरला. आता नकाशावर पट्टी घ्या आणि इगतपुरी व बऱ्हाणपूर जोडा. मनमाड जवळजवळ रेघेवर येतं. आणि भुसावळ? अगदी रेघेवर. चूकभूल एखाद-दोन किलोमीटरची. मुंबई-जबलपूर-नागपूर या त्रिकोणाबाहेर फेकलेलं गाव या दोन दरवाज्यांमधल्या सरळ वाटेवर बसलेलं आहे.

रेघेवर जागा तर पुष्कळ होत्या. मग नागपूरचा फाटा इथेच का? याचं उत्तर नद्यांनी दिलंय असं मला वाटतं. तापी बऱ्हाणपूरकडून ईशान्येहून येते, पूर्णा वऱ्हाडातून पूर्वेहून येते, आणि दोघी चांगदेवपाशी मिळतात. उन्हाळ्यात चांगदेवच्या घाटावर उभं राहिलं तर समोर दोन खोरी दोन बोटांसारखी फाकलेली दिसतात: डावीकडचं खांडव्याला, उजवीकडचं मलकापूर-अकोल्याला. हतनूरचं धरण पुढे याच संगमाच्या खालच्या अंगाला बांधलं गेलं. भुसावळ संगमाच्या पश्चिमेला, तापीच्या दक्षिण तीरावर. इथून नागपूरची लाइन वरणगाव, बोदवड, मलकापूर, शेगाव, अकोला अशी पूर्णेच्या दक्षिणेनेच जाते. अकोल्यापर्यंत तिला मोठी नदी ओलांडावी लागत नाही. जबलपूरची लाइन तापीवर एकच पूल घालून उत्तर तीरावर जाते आणि सावदा, निंभोरा, रावेर करत बऱ्हाणपूर गाठते. फाटा पुढे मलकापूरला काढला असता तर आधी पूर्णा आणि मग तापी, असे दोन पूल पडले असते. मागे जळगावला काढला असता तर पूल एकच, पण चोवीस किलोमीटर दोन-दोन लाइनी शेजारी शेजारी टाकाव्या लागल्या असत्या. संगमाच्या थोडं अलीकडे, पूल घालता येईल तितपत जवळ, ही जागा दोन्ही खर्च वाचवते. बर्कलेच्या एखाद्या कागदात हे असंच लिहिलंय असा माझा दावा नाही. नकाशावर बोट फिरवलं की एवढं दिसतंच. तो पूलही सुखासुखी झाला नाही. पहिल्या पुलाचा दगड हलका निघाला, तो पूल सोडून द्यावा लागला, अशी नोंद जुन्या इंग्रजी प्रवासी-पुस्तकांत भुसावळच्या माहितीत सापडते.

पण दगड-नदी-डोंगर एवढंच सांगून थांबलो तर गोष्ट अर्धी राहील. वजनं कुणी टांगली हा प्रश्न उरतोच.

आकडे घेऊन पाहू. आजच्या अंतरांनी मुंबई-भुसावळ ४४४ किलोमीटर, भुसावळ-नागपूर ३९३, आणि भुसावळहून इटारसीमार्गे जबलपूर साधारण साडेपाचशे. एकूण लाइन जवळजवळ १,४०० किलोमीटर. त्याऐवजी मुंबई-नागपूर ८३७ आणि पुढे नागपूर-जबलपूर डोंगरातून वळसे धरून तीनशे मानलं, तर एकूण साडेअकराशेच्या आत काम भागतं. सुमारे अडीचशे किलोमीटर लोहमार्ग वाचतो. मात्र मुंबईहून जबलपूरला जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दीडशेच्या आसपास किलोमीटर जास्त धावावं लागतं. बांधणाऱ्याचा फायदा एकीकडे, धावणाऱ्याचा दुसरीकडे. कुठल्या पारड्यात किती टाकायचं, यावर फाट्याची जागा हलते.

१८५३ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने रेल्वेबद्दलचं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं, त्यात मोठ्या शहरांना आणि प्रांतांना जोडणाऱ्या मुख्य मार्गांवर भर होता. फौज लवकर हलली पाहिजे, टपाल लवकर पोचलं पाहिजे. मुंबई आणि कलकत्ता यांची गाठ जबलपूरला पडायची होती. कलकत्त्याकडून ईस्ट इंडियन रेल्वे अलाहाबादमार्गे तिथवर १८६७ साली आली. विलायतेची डाक मुंबईला उतरून जबलपूरवरून कलकत्त्याला जाणार, म्हणजे जबलपूरच्या दोरीला साम्राज्याचं वजन. नागपूरच्या दोरीला लँकेशायरच्या गिरण्यांचं वजन. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस बंद झाला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हे युद्ध चालू असतानाच लाइन खानदेश-वऱ्हाडात शिरत होती. दोन्ही दोऱ्या इतक्या जड की एकीसाठी दुसरीला वळसा घालायला कुणी तयार नव्हतं. मग वाढीव अडीचशे किलोमीटर कुणाच्या खिशातून? १८४९च्या कराराने कंपनीच्या भागधारकांना भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. उत्पन्न कमी पडलं तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाई. सुरुवातीला मैलामागे आठ हजार पौंडांचा अंदाज धरला होता. हमीच्या या लाइनींचा प्रत्यक्ष खर्च त्याच्या दुपटीवर गेला. जास्त मैल बांधले तर ज्याला झळ लागायला हवी, तो शेतसारा भरणारा कुणबी त्या फळीवर नव्हताच. त्याची दोरी कुणी बांधलीच नव्हती.

बर्कलेला यातलं काही पुरतं पाहायला मिळालं नाही. प्रकृती ढासळून तो इंग्लंडला परतला आणि ऑगस्ट १८६२मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारला. थळ घाट १ जानेवारी १८६५ला सुरू झाला, गाडी नागपूरला फेब्रुवारी १८६७मध्ये पोचली, आणि मार्च १८७०मध्ये जबलपूरला दोन्ही बाजूंचे रूळ मिळाले. त्या समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आणि राणीचा मुलगा ड्यूक ऑफ एडिंबरो हजर होते. चारच महिन्यांपूर्वी सुएझचा कालवा उघडला होता. लंडन-कलकत्ता अंतर एकदम आकसलं. झ्यूल व्हर्नला 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' सुचायला हेही एक निमित्त झालं असं म्हणतात. त्याचा फिलिअस फॉग याच मार्गाने जातो. गाडी बऱ्हाणपूरला थांबते तेव्हा नोकर पासपार्तू उतरून सपाता घेतो. पुढे लाइन अर्धवट असल्याचं दाखवून व्हर्नने त्यांना हत्तीवर बसवलं, कारण कादंबरीत हत्ती हवाच होता. खरी लाइन तोवर पूर्ण झालेली होती.

लाइन ज्यांना टाळून गेली त्यांचीही एक कहाणी आहे. खामगाव हे वऱ्हाडातलं कापसाचं मोठं पेठेचं गाव. मुख्य लाइन त्याला बारा-तेरा किलोमीटर लांब ठेवून जलंबवरून निघून गेली. अमरावतीचंही तेच, ती बडनेऱ्यावरून दहा किलोमीटर बाजूला राहिली. मुख्य लाइन वळवली तर मुंबई-नागपूरची प्रत्येक गाडी कायमची जास्त धावणार. त्यापेक्षा छोटी शाखा परवडते, असा हिशेब. १८७० साली मेयोच्याच हस्ते खामगावच्या शाखेचं उद्घाटन झालं. मात्र मुख्य लाइनीवरचं गाव आणि शाखेवरचं गाव यांच्यातला फरक पुढच्या पिढ्यांना भरत बसावा लागला.

खानदेशात याहून मोठी उलथापालथ झाली. जिल्ह्याचं ठाणं धुळं, मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने वसवलेल्या पेठेचं. लाइन त्याच्या दक्षिणेने चाळीसगाव-पाचोऱ्यावरून गेली. धुळ्याला चाळीसगावहून शाखा मिळाली ती १९०० साली, आणि त्याच सुमारास सुरतेहून तापी व्हॅली रेल्वे नंदुरबार-अमळनेर करत जळगावकडे आली. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्वेचं ठाणं जळगाव झालं. चाळीस वर्षांपूर्वी हे कुणी धुळ्यात बोललं असतं तर लोक हसले असते.

आणि गणित? ते मागाहून आलं. हॅनोवरचे प्राध्यापक विल्हेल्म लाउनहार्ट यांनी १८७२ साली मार्गांच्या व्यापारी आखणीवरचा ग्रंथ लिहिला. जबलपूरला रूळ जुळून तेव्हा दोन वर्षं झाली होती. फाटा कुठे काढावा, बांधकामाचा आणि वाहतुकीचा खर्च कसा तोलावा, हे त्यांनी समीकरणांत मांडलं. अमेरिकेत आर्थर वेलिंग्टन यांनी १८७७ साली रेल्वेच्या जागानिवडीचं अर्थशास्त्र लिहिलं. चढ, वळणं आणि जादा मैल या प्रत्येकाची वर्षाला किती किंमत पडते ते तक्त्यांत दिलं. १९०९ साली आल्फ्रेड वेबर यांनी कारखान्यांसाठी तोच त्रिकोण वापरला: कच्चा माल, इंधन, बाजार. पुस्तकाची गणिती पुरवणी गेओर्ग पिक यांनी लिहिली, आणि त्यात व्हारिन्योंची ती फळी पुन्हा अवतरली. या मंडळींनी लिहिलेलं वाचताना भुसावळच्या माणसाला ओळखीचं वाटेल, फक्त भाषा जर्मन किंवा अमेरिकन.

या सगळ्या सिद्धांतांत एक गोष्ट मात्र नीट बसत नाही. वजनं बदलतात, गाठ बदलत नाही. १९०० साली बंगाल-नागपूर रेल्वे खरगपूरमार्गे हावड्याला भिडली आणि मुंबईहून कलकत्त्याला नागपूरवरूनच जाणं दोनशेच्या आसपास किलोमीटरने जवळ झालं. ज्या डाकेसाठी जबलपूरची दोरी एवढी जड केली होती, ती तीस वर्षांत नागपूरच्या दोरीला टांगली गेली. हिशेब नव्याने मांडला असता तर भुसावळचं महत्त्व घटायला हवं होतं. झालं उलटंच. आजही हावड्याच्या दोन मेल भुसावळपर्यंत एकाच वाटेने येतात. इथे एक नागपूरला वळते, दुसरी जबलपूर-प्रयागराजला. कारण तोवर इथे लोको शेड होती, कारखाना होता, रेल्वेची वसाहत होती, तापीवरून पाणी खेचणारे पंप होते. वाफेच्या इंजिनाला कोळशाबरोबर पाणीही लागतं आणि इंजिन बदलायला, धुवायला, आग झाडायला ठराविक टप्प्यावर जागा लागते. उभं केलेलं उचलून नेणं कुणालाच परवडत नाही.

जागेनंतर मांडणी. भुसावळचं यार्ड जुन्या माणसांकडून समजून घ्यावं. बाहेरून आलेली मालगाडी म्हणजे खिचडी: चार वाघिणी नागपूरच्या, दोन सुरतेच्या, सहा दिल्लीकडच्या, एखादी इथल्याच मालधक्क्याची. ती हंपवर, म्हणजे मुद्दाम घातलेल्या छोट्या उंचवट्यावर, मागून इंजिन लावून हळूहळू ढकलायची. माथ्यावर खलाशी दांडी घालून कपलिंग सोडवणार, वाघीण आपल्या वजनाने उतारावर सुटणार, केबिनवाला पॉइंट फिरवून तिला तिच्या लाइनीत घालणार. पुढची वाघीण पाठोपाठ निघालेलीच. दोन्हींमधलं अंतर कमी पडलं तर पॉइंट फिरायच्या आत धडक. जास्त ठेवलं तर दिवसभरात काम उरकत नाही. लाइनी कमी असल्या तर वाघिणी उलटसुलट पुन्हा चाळाव्या लागतात, जास्त असल्या तर जागा आणि पॉइंट खातात. रांगेत किती वेळ खोळंबा होईल याचं गणित इंग्रजीत क्यूइंग थिअरी म्हणून नावारूपाला आलं. यार्ड मास्तरांना ते रात्रपाळीच्या अनुभवाने येई. तरीही एकेक वाघीण मुक्कामी पोचायला आठवडे लागत, आणि त्यातला मोठा वेळ धावण्यात नव्हे, यार्डात उभं राहण्यात जाई. १९८०च्या दशकात रेल्वेने सुटी वाघीण घेणं जवळजवळ थांबवलं आणि एका ठिकाणाहून एका ठिकाणी अख्खा रेक, हे धोरण धरलं. चाळणंच संपलं, तसा देशभरच्या यार्डांचा पसाराही आवरू लागला. कागदावर तो निर्णय बिनचूक होता. भुसावळात मात्र त्या चाळण्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची शंटिंगची कारागिरी होती, तिला कुठल्या रकान्यात धरायचं हा प्रश्न कुणाला पडला नाही.

याच जंक्शनाच्या भरवशावर स्वातंत्र्यानंतर इतर गोष्टीही इथे आल्या. १९४९ साली आयुध निर्माणी, पुढे १९६०च्या दशकात वरणगावची. किनाऱ्यापासून आणि सीमेपासून लांब, पण चारी दिशांना रेल्वे. दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र हा तर वेबरच्या पुस्तकातला धडाच. एक युनिट वीज काढायला आपला कोळसा सहाशे-सातशे ग्रॅम लागतो, त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त राख. विजेला वजन नाही, कोळशाला आहे. म्हणून केंद्र खाणीच्या तोंडाशी असावं, असं वेबर म्हणेल. चंद्रपूर, कोराडी तशीच आहेत. दीपनगर खाणींपासून शेकडो किलोमीटर दूर. इथे पाणी तापीचं, रूळ आधीपासून टाकलेले, आणि विजेचं मोठं गिऱ्हाईक पश्चिमेला. म्हणजे राखही भाडं भरून नागपूरच्या लाइनीवरून येते आणि भुसावळ तालुक्यातच राहते.

उलट, कुणी आखलं नव्हतं तेही घडलं. डाकेसाठी टाकलेली रावेर-बऱ्हाणपूरची लाइन केळीच्या पट्ट्याच्या मधोमध गेली. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून दिल्लीकडे केळीच्या गाड्या भरून जाऊ लागल्या, आणि रावेर-यावलच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या जबलपूरच्या दोरीचं वजन घडांमध्ये मोजलं जाऊ लागलं.

आता फळी पुन्हा मांडली गेली आहे, फक्त दोऱ्यांच्या जागी संगणक आहे. फेब्रुवारी २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मालगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिकांचा पुढचा टप्पा जाहीर झाला, त्यात पूर्व-पश्चिम मार्गिका भुसावळहून खरगपूरमार्गे डानकुणीपर्यंत होती. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-जळगाव चौथी लाइन, १६० किलोमीटर, आणि भुसावळ-खांडवा तिसरी व चौथी लाइन, १३१ किलोमीटर, यांना मंजुरी दिली. म्हणजे तापीवर नवं बांधकाम आलं. त्याआधी जवळजवळ तीन महिने, सप्टेंबरमध्ये, मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या लाइनीला १८,०३६ कोटींची मंजुरी मिळाली होती. ती मालेगाव, धुळ्यावरून सातपुडा ओलांडून सेंधव्याकडे जाणार. मुंबईहून माळव्यात जाणाऱ्या मालाला मग खांडव्याचा वळसा लागणार नाही, आणि मनमाडच्या पुढे त्या गाड्या भुसावळला दिसणारही नाहीत. धुळ्यात जमीन मोजणीच्या नोटिसांची चर्चा सुरू झाली की लोक पहिला प्रश्न विचारतात तो स्टेशन गावाच्या कोणत्या अंगाला येणार याचा.